केसाची राजमती

“कूळ म्हणजे नुसती माणसं नव्हेत. कूळ म्हणजे स्मरण! माणूस जातो, जमिनीच्या वाटण्या होतात, विहिरी आटतात. पण कुळानं जे ध्यानात ठेवलं, त्याला काळसुद्धा हात लावू शकत नाही!”

आष्ट्याच्या आदगोंडा पाटलांनी हे बोलणं साताऱ्याला येताना एस.टी.त घोकून पाठ केलं होतं. तेही पुस्तकी भाषेत, कारण पुढच्या पिढ्या शिकलेल्या असणार. टेपरेकॉर्डरपुढं मांडी घालून, मान ताठ करून आणि शेवटच्या शब्दाला हात उंचावून त्यांनी ते म्हटलं. मुलानं, म्हणजे नेमिनाथनं, कॅसेट मागं फिरवली आणि बटण दाबलं. सगळे कान देऊन बसले. यंत्र खरखरलं आणि म्हणालं, “हॅलो, हॅलो. वन टू थ्री. भामे, म्हशीला वैरण टाकली का?”

“ह्यो मी हाय,” शेजारचे सुभेदार नाथाजी अभिमानानं म्हणाले. यंत्र त्यांचंच होतं. पलटणीतून पेन्शनवर येताना त्यांनी ते आणलं होतं, आणि ते उसनं दिलं की यंत्रामागोमाग स्वतःही येऊन बसायचा त्यांचा नियम होता. काळानं हात लावला नव्हता हे खरं. पण आवाज भरायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, आणि नेमिनाथनं एकच दाबलं होतं.

साल होतं पंचाहत्तर. महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली म्हणून गावोगाव मिरवणुका आणि व्याख्यानं चालली होती. समाजाच्या एका मासिकानं आवाहन केलं होतं, की घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी तरुणपणच्या धार्मिक आठवणी घरच्यांसाठी जतन करून ठेवाव्यात. नेमिनाथ साताऱ्यात सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर लिहून हात मोडायचा, म्हणून त्यानं घरी यंत्र मागून आणलं. देशात त्या साली लोकांना फार बोलू नका असं सांगितलं जात होतं. आदगोंडांना मात्र “बोला, आण्णा, बोला” असा आग्रह होत होता, त्यामुळे ते अगदी फुलून आले होते.

राजमतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्या आल्या होत्या त्या आदगोंडांना एकट्याला एस.टी.त झोप लागते आणि ते थेट पुण्याला जातात म्हणून. त्यांच्या आठवणी कुणी मागितल्या नव्हत्या, आणि त्यांनाही यंत्रापुढं बसायची हौस नव्हती. त्यांना एवढंच बघायचं होतं, की हा माणूस ती गोष्ट सांगतो का. सांगितली, तर आज ह्या घरात काही खरं नाही, असं त्यांनी मेथीची पहिली जुडी सोडतानाच ठरवलं होतं.

नेमिनाथनं आता दोन्ही बटणं दाबली, आणि आदगोंडांनी ती गोष्ट सगळ्यात आधी सांगायला घेतली.

“तर मी तवा ऐन पंचविशीत. आष्ट्याला महाराज आलेले, दिगंबर मुनी. सकाळच्या पारी आहाराला निघाले. गल्लीत घरोघरी जोडपी उभी, हातात कळशी, कळशीवर नारळ...”

“म्हंजे जेवायला बोलवत न्हाई व्हय?” सुभेदारांनी विचारलं.

“आमंत्रण चालतच न्हाई. महाराज मनात एक खूण धरून निघत्यात. कळशीवर आंबा दिसला तर थांबीन, न्हाईतर हिरवा नारळ दिसला तर थांबीन. ती कुणाला सांगत न्हाईत. ज्याच्या दारात खूण जुळंल तिथं थांबायचं. न्हाई जुळली, तर उपाशी माघारी.”

“म्हंजे पासवर्ड,” सुभेदार म्हणाले. “आमच्यातबी असायचा. पण आमचा निदान दोघांना ठाऊक असायचा.”

“तर महाराज आमच्या दारात थांबले! अख्ख्या गल्लीत, आमच्या दारात! मी हात जोडून म्हणालो, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे! मग महाराज आत आले. उभ्यानंच घेत्यात, ओंजळीत. ताट न्हाई, वाटी न्हाई. दिसातनं एकदाच, आन पाणीबी तवाच. मधी काय दोष आला, की ओंजळ सोडायची आन खाली बसायचं. त्याला अंतराय म्हंत्यात. मग दुसऱ्या दिवसापतोर पाण्याचा थेंब न्हाई. केस निघाला, अंतराय. मेलेली मुंगी निघाली, अंतराय. कुणी रडताना ऐकू आलं, कुणी मारा, कापा असलं वंगाळ बोललं, तरी अंतराय.”

“लय कडक डिसिप्लीन,” सुभेदारांनी मान हलवली.

“तर चार-पाच घास झाले असतील,” आदगोंडांना आधीच हसू फुटलं, “आन काय सांगू सुभेदार! आमच्या हिचा केस!”

“बंद कर रं नेमा ते.”

राजमतीबाईंचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं, असं सून गुणमालेला आतमध्ये वाटलं, आणि तिनं उगीचच एका भांड्यावर झाकण ठेवलं.

आष्ट्यात तेव्हा तीन राजमती होत्या. एकीचं दुकान होतं, ती तेलाची राजमती. एक पिंपळाजवळ राहायची, ती पिंपळाची राजमती. आणि सतराव्या वर्षी पाटलांच्या घरात आलेली ही तिसरी त्या सकाळपासून केसाची राजमती झाली. महाराज उपाशी गेले, दुसऱ्या दिवशी सांगलीकडं निघूनही गेले. नाव मात्र गावातच राहिलं. “माझं डोकं ओलं हुतं, वर फडकं घट्ट बांधलेलं हुतं,” असं तिनं त्या दिवशी सासूला सांगितलं होतं. पण सतरा वर्षांच्या सुनेचं बोलणं आणि मांजराचं म्याव आष्ट्यात एकाच कानानं ऐकत असत. पुढं गावात कितीदा महाराज आले, कितीदा पाटलांच्या घरी चौका, म्हणजे त्यांच्या आहाराचा शुद्ध स्वयंपाक, मांडला गेला. जावा सोवळ्यानं रांधायच्या आणि राजमती गोठ्यात म्हशींजवळ बसायची. लग्नकार्यात ती खीर वाढायला उठली, की बायका हसून पदर तोंडाला लावायच्या. पलूसहून गुणमालेचा बाप स्थळ बघायला आला, तेव्हा त्यानंही दबकत विचारलं होतं, “केसाच्या त्या ह्याच काय?”

“अगं, गंमत हाय ती,” आदगोंडा म्हणाले. “नातवंडं, पतवंडं ऐकतील, हसतील.”

“हसतील! कुणाला?” राजमतीबाईंनी मेथीचं ताट बाजूला सारलं. “आवं, मी गप का बसले हुते इतकी वर्षं? सुलाबाई गेली. हरणाबाईला आता सोताचं नाव ध्यानात ऱ्हात न्हाई. ते बघितलेली दोघं-चौघं उरली. ती खपली की माझा केस खपला, ह्या आशेवर मी जगत्ये! आन तुमी तो केस ह्या डब्यात घालून अमर करायला निघालाय? माणसं मरत्यात तरी. हे यंत्र कवा मरणार?”

“जपानी हाय,” सुभेदार म्हणाले. “लवकर न्हाई मरायचं.” मग आपण कुणाच्या बाजूनं बोललो ते त्यांच्या ध्यानात येईना, म्हणून ते सावरून बसले. “थांबा वहिनी. आमच्यात असं काय झालं, की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसती. पाटील, मला सांगा. केस बघितला कुणी?”

“आईनं. महाराज गेल्यावर खाली सांडलेलं तिनं दिवा घेऊन सोधलं. त्यात घावला.”

“महाराज बोलले, की केस निघाला म्हणून?”

“कसं बोलतील? आहाराच्या वक्ताला मौन असतंय.”

“मग मागनं कुणी इचारलं?”

“कुणाची टाप हाय? आमी सगळी पायावर पालथी. महाराज उठले, कमंडलू घेतला, बस्तीत गेले. देवळात जाऊन साधूला कोण इचारणार, का उपाशी ऱ्हायलासा म्हणून?”

“बरं. तवा घरात कोण कुठं? वहिनी कुठं?”

“मी मागं हिरीवर,” राजमतीबाई म्हणाल्या. “पाणी कमी पडाय लागलं म्हणून शेंदायला गेल्ते. गाळून घेऊन आले, तर महाराज खाली बसून हात धूत हुते आन सासूबाई माझ्या डोक्याकडं बघत हुत्या.”

“आणि पाटील, तुमी?”

आता नेमिनाथनं यंत्र बंद केलं असतं, तर आष्ट्याच्या पाटील घराण्याचा इतिहास होता तसाच राहिला असता. पण त्यानं ते बंद केलं नव्हतं; आईनं सांगितलं तेव्हाही नाही, कारण बंद करायचं बटण कोणतं याबद्दल त्याची अजून खात्री नव्हती. कॅसेट फिरत होती. आदगोंडांनी छाती पुढं काढली.

“मी? मी नसतो, तर त्या दिवशी घराची अब्रू गेली असती! माझा चुलतभाऊ बाबगोंडा, समोरच राहायचा. त्याच्या दारात महाराज थांबले न्हाईत. त्याला लागली मिरची. आमच्या पायरीशी येऊन म्हणतो कसा, आद्या, तू खूण फितवलीस! माझं महाराज पळवलास! महाराज माजघरात, आन ह्यो दारात! मी बाहेर आलो, आन असा गरजलो सुभेदार, असा गरजलो, ‘बाब्या, पायरी चढलास तर उभा चिरीन! कापून वढ्यात टाकीन!’ गल्ली थरारली! पळाला लेकाचा, वहाणा तितंच टाकून!”

 सुभेदारांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि तिथल्या तारखा ते फार मन लावून वाचू लागले.

“कवा?” राजमतीबाईंनी विचारलं.

“काय कवा?”

“हे वरडलासा ते कवा? महाराज यायच्या आधी, का महाराज घास घेत हुते तवा?”

“घास घेत हुते तवाच की! म्हणून तर मी—”

आदगोंडांचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एक वाक्य अर्धवट राहिलं होतं, आणि ते पुरं करायची त्यांना घाई दिसेना.

राजमतीबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश उठल्या. मेथीची पानं लुगड्यावरून गळून पडली.

“वचनशुद्धी,” त्या म्हणाल्या. “हात जोडून म्हणालासा, वचनशुद्धी. आन पाठ फिरवून दारात जाऊन उभा चिरीन! कापीन! आवं, चिरीन म्हंजे काय, माणूस हाय का काकडी? माजघरात साधू ओंजळ धरून उभा, आन दारात तुमी माणूस चिरताय! त्यो ओंजळ सोडंल न्हाई तर काय करंल? आन केस माझा! गोठ्यात मी! खीर वाढाय गेले की दात काढणार माझ्यावर! पोराचं लगीन मोडाय आल्तं माझ्या केसापायी!”

“अगं, पण केस घावला हुता न्हवं?” आदगोंडा पुटपुटले.

“सोधला की घावतो! दिवा घेऊन सोधा, कुणाच्याबी घरात घावतो! ह्या सुभेदारांच्या घरात सोधा, लष्करातला घावंल!” त्यांना धाप लागली, पण त्या थांबल्या नाहीत. “आन सासूबाई कुठं हुत्या? माजघरात! म्हाराजांच्या म्होरं! त्यांनी ऐकलं हुतं! पोरगं दारात काय बरळतंय ते त्यांच्या कानानं ऐकलं हुतं, आन पोराचं झाकायला दिवा घेऊन केस सोधत बसली ती थेरडी! मेली ती, पण केस मला ठेवून मेली!”

आत गुणमालेच्या हातून झाकण खाली पडलं. त्या घरात थोरल्या आज्जींचा, म्हणजे ह्याच सासूबाईंचा, फोटो देवाशेजारी होता, आणि त्याला रोज फूल मिळत असे.

“नेमा,” आदगोंडा घाईघाईनं म्हणाले, “ते मागं घे, मागं. वहाणा टाकून पळाला इथपतोरचं सगळं पुस. त्याच्यावर दुसरं काय तरी भर. एखादं स्तोत्र भर.”

राजमतीबाईंनी पुढं होऊन यंत्र उचललं आणि पदराखाली धरलं. सुभेदार कळवळून अर्धे उठले.

“हात लावून बघा कुणी! काय पुसायचं न्हाई. एक अक्षर पुसायचं न्हाई! कुळाचं स्मरण पायजे न्हवं तुमाला? काळानं हात लावायचा न्हाई न्हवं? मग आता तुमीबी लावायचा न्हाई. आन तुमच्या तोंडानं ह्यात सांगायचं, की केस माझा न्हवता. सांगत न्हाई तवर ह्या हातानं मी तुमाला वाढणार न्हाई. केसाच्या बाईनं का वाढावं? पडंल एखादा!”

“गुणमाला वाढंल,” आदगोंडा तोऱ्यात म्हणाले.

“मामंजी, मी आत्याबाईंचीच सून हाय,” आतून गुणमाला म्हणाली. “माझाबी पडंल.”

ही धमकी दुसऱ्या कुठल्या घरात फुसकी ठरली असती; रात्री भूक लागली की माणूस उठून डबा उघडतो. पण आदगोंडांनी दिवस मावळल्यावर अन्न न घेण्याचा नेम तरुणपणापासून पाळला होता, आणि ह्याच कॅसेटीत पुढं त्याचंही वर्णन करायचा त्यांचा बेत होता. थंडीचे दिवस. सूर्य यवतेश्वराच्या डोंगराकडं उतरू लागला होता. चुलीवरची आमटी मात्र तयार होती, आणि तिचा वास उंबरा ओलांडून थेट त्यांच्यापर्यंत येत होता.

राजमतीबाईंनी यंत्र त्यांच्यापुढं आणून ठेवलं आणि समोर बसल्या. उचलताना यंत्राची बटणं सुटली होती; नेमिनाथनं दोन्ही पुन्हा दाबली. या खेपेला त्यानं दोनदा तपासलं.

आदगोंडा खाकरले. “मी, आदगोंडा पाटील, मुक्काम आष्टा, असं सांगतो, की त्या दिवशीचा अंतराय कशानंबी आला असंल.”

“न्हाई,” राजमतीबाई म्हणाल्या.

“...की तो केसानंच आला, असं म्हणता येत न्हाई.”

“न्हाई.”

“अगं, जे ठाऊक न्हाई ते कसं सांगू? खोटं बोलू?”

“केस माझा म्हणून सांगताना ठाऊक हुतं? तवा नव्हतं खोटं?”

“आण्णा,” नेमिनाथ खिडकीतून म्हणाला, “सूर्य डोंगराला टेकला.”

“टेकला म्हंजे मावळला न्हाई! डोंगर आडवा हाय. आष्ट्यात अजून हातभर वर असंल.”

“मग आष्ट्याला जाऊन जेवा,” राजमतीबाई म्हणाल्या.

सुभेदारांनी घसा साफ केला. “पाटील, आमच्यात एक रीत हाय. ठाणं गेलं की गेलं म्हणायचं. सांभाळत बसलं की माणसं जास्त मरत्यात.”

“तुमी गप बसा हो सुभेदार! तुमच्या यंत्रानंच हे सगळं झालं!” आदगोंडा लाल झाले. राजमतीबाई हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा बघून आदगोंडांनी खिडकीकडं बघितलं, मग चुलीकडं बघितलं, आणि मग एकदम त्यांचा तोल सुटला. “व्हय! वरडलो मी! दारात उभा राहून वरडलो! महाराज माझ्यापायी उपाशी गेले! हिचा केस न्हवता, न्हवता, न्हवता! झालं? घाला आता मला जेवायला!”

समोरच्या घरातला एक माणूस काय झालं म्हणून गॅलरीत आला. पंचविशीतला आवाज अजून जागेवर होता, एवढं सगळ्यांना कळलं.

राजमतीबाईंनी वाढलं. भाकरी, आमटी, मेथी. ताट त्यांनी ठेवलं नाही, आदळलं. आदगोंडा मान खाली घालून, डोंगराकडं तिरका डोळा ठेवून भराभर जेवले. कुणी तूप हवं का विचारलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. राजमतीबाईंचा राग उतरला होता म्हणावं, तर तसं काही दिसत नव्हतं. उलट इतकी वर्षं तो नुसता घरभर फिरत होता. आता त्याला माणूस सापडला होता.

ताट उचलून झाल्यावर त्या हात पुसत यंत्रापुढं आल्या आणि त्याच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन बोलल्या.

“ऐका रं पोरांनो. तुमची नावं मला ठाऊक न्हाईत, कारण तुमी अजून जन्माला आला न्हाईसा. मी राजमती. नुसती राजमती. माझ्या म्हागं काय लावायचं न्हाई. कुणी लावलं, तर हे त्याच्या दारात न्हेऊन वाजवायचं. मोठ्यानं वाजवायचं. चौका मांडला, तर आपल्या घरातली बाई गोठ्यात बसवायची न्हाई. आन गड्यांनी वचनशुद्धी म्हणलं, तर आहार हुईपतोर त्यांच्या तोंडावर फडकं बांधायचं. केसाला बांधत्यात तसं. कळलं न्हवं?”

यंत्रानं होय-नाही काही म्हटलं नाही. सुभेदार मात्र नकळत “जी” म्हणाले.

नेमिनाथनं कॅसेट काढली आणि फार जपून कपाटात, वरच्या खणात ठेवली. सुभेदार यंत्र काखेत मारून जायला निघाले, पण दारात वहाणा शोधत रेंगाळले. आदगोंडा भिंतीकडं तोंड करून आडवे झाले होते आणि झोप लागल्याचं दाखवत होते. राजमतीबाई देवापुढं दिवा लावायला गेल्या. तिथं फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग नेमिनाथजवळ आल्या आणि सुभेदारांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं हळूच म्हणाल्या,

“नेमा, ते मगाशी तुझ्या आज्जीला मी थेरडी म्हणलं न्हवं... तेवढं पुसता येतंय का बघ की रं.”